रात्रीच्या टपालाचे यंत्र आणि आपले कार्यालय

(दिल्ली कार्यालयात मराठी भाषक कार्यकर्ते व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा जुना आहे. १९९० च्या दशकात, इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती येण्याआधी, संगणकावरून पत्रे पाठवण्याची एक पद्धत होती. तिला बुलेटिन बोर्ड म्हणत. त्या बोर्डांनी रात्री आपसात फोन लावून टपालाची देवाणघेवाण करावी, आणि ती माणसाने जागे न राहता व्हावी, यासाठी छोटे प्रोग्राम लिहिले गेले होते. त्यांना मेलर म्हणत. या मेलरने काय केले, कसे केले, आणि त्यातून आपल्यासारख्या कामगार संघटनेने आज काय घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, मोडेमचा खरखराट आता कुठेच ऐकू येत नाही, मग ही उजळणी कशाला? त्याचे कारण असे की संघटनेचे टपाल कोणाच्या हातात आहे, ते कोणत्या वेळी जाते, त्याचे बिल कोण भरतो आणि त्यासाठी कोण जागतो, हे चार प्रश्न तेव्हा उघड उघड विचारले जात. आज ते कोणी विचारत नाही. प्रश्न मात्र संपलेले नाहीत.

तेव्हाचा फोन

आधी त्या वेळची परिस्थिती आठवू. दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांचे टेलिफोन १ एप्रिल १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमकडे गेले. दिल्लीच्या हद्दीबाहेरचे फरिदाबाद आणि गुडगाव हरियाणात, नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात. तिथले फोन दूरसंचार खात्याकडेच राहिले. कारखाने तिकडे आणि संघटनांची मध्यवर्ती कार्यालये इकडे, अशी आपली विभागणी तेव्हाही होती.

दिल्लीहून मुंबईला फोन करायचा तर एक तर ट्रंक कॉल बुक करून बसायचे, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे. नाहीतर एसटीडी लावायचा. एसटीडीचे दर वेळेप्रमाणे बदलत. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर कमी, आणि रात्री उशिरा पाव दर. पिवळ्या पाट्यांच्या पीसीओसमोर रात्री अकरानंतर रांगा लागत त्या या पाव दरासाठी. कार्यालयातल्या फोनच्या तबकडीला छोटे कुलूप असे आणि किल्ली खजिनदाराकडे. संघटनेच्या खर्चात टेलिफोनचे बिल ही वादाची बाब असे. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावर हमखास प्रश्न येई.

अशा काळात कोणी म्हणाला की वीस पानांचे परिपत्रक दिल्लीहून मुंबईला दीड मिनिटात, तेही पाव दरात पाठवता येते, तर ऐकणाऱ्याचे कान टवकारणारच. ते कसे शक्य होते ते आता पाहू.

बुलेटिन बोर्ड आणि फिडोनेट

बुलेटिन बोर्ड म्हणजे एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. दुसऱ्या कोणी आपल्या मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, पडद्यावर आलेल्या सूचना वाचायच्या, आपली पत्रे लिहायची, आणि फोन ठेवायचा. एका वेळी एकच माणूस. गावातल्या वाचनालयातल्या एकुलत्या एका वर्तमानपत्रासारखी स्थिती.

असे बोर्ड शहराशहरात झाले, पण एका बोर्डावरचे पत्र दुसऱ्या बोर्डावर जाईना. त्यावर तोडगा काढला टॉम जेनिंग्ज या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रोग्रामरने. १९८४ मध्ये त्याने आणि बाल्टिमोरच्या जॉन मॅडिलने आपले दोन बोर्ड रात्री एकमेकांना फोन लावून पत्रे देतील अशी व्यवस्था केली. तिचे नाव फिडोनेट. कोणतीही कंपनी नाही, सरकारी अनुदान नाही, भाड्याने घेतलेली तार नाही. प्रत्येकाचा स्वतःचा संगणक, स्वतःचे फोनबिल, आणि सर्वांनी पाळायचे काही नियम. १९८६ मध्ये डॅलसच्या जेफ रश याने त्यात इकोमेलची भर घातली. म्हणजे एका विषयावरची चर्चा सर्व बोर्डांवर सारखीच दिसू लागली. दहा वर्षांत हे जाळे जगभर तीस हजारांहून अधिक बोर्डांपर्यंत पोहोचले.

जगाचे सहा विभाग केलेले होते. आशिया हा सहावा. पत्त्यात आधी विभागाचा आकडा, मग जाळ्याचा, मग बोर्डाचा. पोस्टाच्या पिनकोडसारखेच हे. आकडा वाचला की पत्र कोणत्या वाटेने जायचे ते कळते. भारतातही असे बोर्ड उभे राहिले. मुंबईतील लाइव्ह वायर हे नाव त्या काळातल्या हौशी मंडळींना आठवत असेल.

मेलर नेमके काय करी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बोर्ड चालवणाऱ्या माणसाने रोज रात्री उठून दुसऱ्या बोर्डांना फोन लावणे शक्य नव्हते. ते काम मेलर नावाच्या प्रोग्रामकडे दिले गेले. सीडॉग, बिंकलीटर्म, फ्रंटडोअर ही त्यांतली नावे. फ्रंटडोअर हे नाव फार बोलके आहे: घराच्या पुढच्या दारात बसलेला द्वारपाल. फोनची घंटी वाजली की आधी तो उचलणार. पलीकडे माणूस असेल तर त्याने एस्केपची कळ दाबायची, मग त्याला आत बोर्डावर सोडले जाई. पलीकडे दुसरा मेलर असेल तर दोघे ओळख पटवून थेट टपालाची देवाणघेवाण करीत.

बाहेर फोन लावण्याचे कामही तोच करी. त्यासाठी त्याला वेळापत्रक लिहून द्यावे लागे. त्याचा साधा आराखडा असा:

पहिले, वेळ. अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत बाहेर फोन लावायचा. फिडोनेटचा एक नियम असा होता की प्रत्येक विभागात रोज एक तास सर्व बोर्डांनी माणसांसाठी बंद आणि टपालासाठी उघडे राहायचे. आशिया विभागाचा हा तास आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दीड ते अडीच असा येई. म्हणजे आपल्याकडचा पाव दर आणि जाळ्याचा टपाल-तास दोन्ही एकाच वेळी.

दुसरे, खर्चाची मर्यादा. कोणत्या नंबराला किती दर लागतो ते तक्त्यात भरायचे, आणि या वेळेत यापेक्षा महाग फोन लावू नकोस असे सांगायचे. मघाशी तबकडीच्या कुलपाचा उल्लेख केला. मोडेम तबकडी फिरवत नाही, त्यामुळे ते कुलूप त्याला लागू होत नसे. तेव्हा खजिनदाराची किल्ली या तक्त्यात गेली असे समजा. तक्ता कोणी भरला आणि कोणी तपासला, याला महत्त्व होते ते त्यासाठी.

तिसरे, पत्राचा दर्जा. काही पत्रे तातडीची; ती लिहिली की ताबडतोब फोन लावायचा. काही नेहमीची, ती रात्रीच्या वेळेची वाट पाहतील. काही राखून ठेवायची. समोरचा फोन करील तेव्हा त्याच्या हाती द्यायची, म्हणजे खर्च त्याचा. संपाची नोटीस पहिल्या वर्गात, मासिक अहवाल दुसऱ्या वर्गात, जुन्या ठरावांच्या प्रती तिसऱ्या वर्गात. ही निवड पत्र लिहिणारा करी, यंत्र नव्हे.

चौथे, गठ्ठा. दिवसभराची सगळी पत्रे एका गठ्ठ्यात बांधून दाबून लहान करायची. याचा हिशेब करून पाहा. २४०० चा मोडेम सेकंदाला सुमारे २४० अक्षरे पाठवतो. पानाला दोन हजार अक्षरे धरली तर वीस पानांची चाळीस हजार अक्षरे होतात. त्यांना पावणेतीन मिनिटे लागतील. मजकूर दाबून निम्म्यावर आणला की दीड मिनिटाच्या आत काम होते. तोच मजकूर माणसाने फोन चालू ठेवून टंकायचा म्हटले तर तासन्‌तास लागतील, आणि तेवढा वेळ बिल चढत राहील.

पाचवे, पुन्हा प्रयत्न. लाइन एंगेज असेल तर थोड्या वेळाने परत. किती वेळा, ते मोजून सांगायचे. मध्येच लाइन तुटली तर झेडमोडेम नावाच्या पद्धतीमुळे जिथे तुटले तिथून पुढे सुरू करता येई, पहिल्यापासून नाही. आपल्याकडच्या खरखरत्या लाइनींवर आणि वीज जाण्याच्या सवयीवर हा मोठा उतारा होता.

सहावे, नोंदवही. मेलर प्रत्येक फोनची वेळ, नंबर, किती मिनिटे, काय गेले, काय आले, काय राहिले हे सगळे एका फाइलीत लिहून ठेवी. सकाळी कार्यालय उघडल्यावर पहिले काम म्हणजे ती फाइल वाचणे. टेलिफोनचे बिल आले की त्याच्याशी ती ताडून पाहता येई.

हे सहा मुद्दे लक्षात ठेवा. पुढे मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

यंत्राला लगाम

यंत्राला एकदा सांगितले की ते करीतच राहते. फिडोनेटच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली एक हकीकत त्याच्या संस्थापकांनीच लिहून ठेवली आहे. यादीत एक नंबर चुकीचा पडला. तो नंबर एका वृद्ध बाईच्या घरचा होता. रात्री ऐन झोपेत तिच्या घरची घंटी वाजे, ती फोन उचले, आणि पलीकडून नुसती शिट्टी. यंत्राला वाटे, टपाल पोहोचले नाही, म्हणून ते पुन्हा फोन लावी. बाईने आरडाओरडा केला तरी यंत्राला काय कळणार!

त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. नवा नंबर यादीत घालण्याआधी माणसाने स्वतः तो फिरवून खात्री करायची. आणि यादी एका ठिकाणी नीट राखून दर आठवड्याला दुरुस्त करून सर्वांना पाठवायची. ही आठवड्याची यादी म्हणजे फिडोनेटचा कणा. यादी कोणा एका कंपनीच्या कपाटात नव्हती. प्रत्येक बोर्डाकडे तिची पूर्ण प्रत असे. एक केंद्र बंद पडले तरी दुसऱ्याला सगळ्यांचे पत्ते ठाऊक असत.

दिल्लीतील अनुभव

या तंत्राचा सामाजिक चळवळींनी दिल्लीतच कसा उपयोग केला, ते आपण विसरता कामा नये. लंडनच्या ग्रीननेट या संस्थेने १९९० च्या सुमारास फिडो पद्धतीचे एक प्रवेशद्वार उघडले. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या ज्या संस्थांना कायमची जोडणी परवडत नव्हती, त्यांचे बोर्ड लंडनशी फोनवरून टपाल बदलत आणि तिथून ते जगाच्या जाळ्यात जाई. दिल्लीत लोदी रस्त्यावरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटच्या आधाराने इंडियालिंक सुरू झाले; मुंबईतही त्याचे केंद्र होते. स्वयंसेवी संस्था, पर्यावरणवाले, मानवी हक्कांचे कार्यकर्ते यांची पत्रे त्यातून जात. ज्या देशात तेव्हा विद्यापीठांसाठी अर्नेट आणि सरकारी कचेऱ्यांसाठी निकनेट होते, तिथे बाकीच्या समाजासाठी ही एक वाट होती. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

कामगार चळवळीतही हे घडत होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत, १९८७ मध्ये, जोहान्सबर्गला वर्कनेट नावाचा बोर्ड सुरू झाला. कामगार संघटना आणि पर्यायी वृत्तपत्रे त्यावर होती. सरकारची नजर टपालावर आणि फॅक्सवर असताना त्यांना ही वाट उपयोगी पडली. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना सप्टेंबर १९९५ मध्ये कामावरून काढले. त्यांचा लढा जानेवारी १९९८ पर्यंत चालला. दूरदूरच्या बंदरांतल्या गोदी कामगारांनी त्यांना पाठिंबा दिला, त्यामागे संगणकावरून रोज जाणाऱ्या बातम्यांचा मोठा वाटा होता.

आणि सरकार? १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने ई-मेल सेवा आणि बुलेटिन बोर्ड यांना परवान्याच्या चौकटीत आणून लाखो रुपयांची वार्षिक फी मागितली. आधार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. एका खोलीत एका लाइनवर फुकट सेवा देणाऱ्याने लाखो रुपये कुठून आणायचे? दिल्लीत अरुण मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध इलेक्ट्रॉनिक अभिव्यक्तीच्या हक्कासाठी मंच उभा केला. संवादाच्या साधनावर फी बसवली की ज्याच्याकडे पैसा आहे त्याचाच आवाज उरतो, हा मुद्दा त्यांनी मांडला. तो मुद्दा कामगार संघटनांनीच आधी मांडायला हवा होता असे मला वाटते. सभा घेण्याच्या आणि पत्रक वाटण्याच्या हक्कासाठी आपण लढतो. फोनवरून पत्रक पाठवण्याचा हक्क त्याहून वेगळा नाही.

भाषेचा प्रश्न

एक अडचण मात्र या यंत्राने सोडवली नाही. टपाल जाई ते इंग्रजी अक्षरांत. देवनागरी पाठवायची तर दोन्ही टोकांना तीच सोय हवी. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते, १९९१ चा इस्की हा भारतीय प्रमाण संकेतही होता, पण ते कार्ड दोन्हीकडच्या संगणकांत बसवलेले असेल तरच मजकूर वाचता येई. नाहीतर मराठी रोमन अक्षरांत लिहायची. फरिदाबादच्या कारखान्यातला फिटर किंवा नागपूरची विडी कामगार बाई ते कसे वाचणार? म्हणून शेवटच्या मैलावर छापील कागद आणि तोंडी निरोप लागतच असे. दिल्लीहून रात्री आलेले परिपत्रक सकाळी कोणीतरी मराठीत लिहून काढी आणि मग ते गेटवर लागे. जाळे कितीही जलद असो, कामगाराच्या भाषेपाशी येऊन ते थांबत होते. आज युनिकोडमुळे ती अडचण राहिली नाही. तरीही मध्यवर्ती परिपत्रक आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि सवड मिळाली तर मराठीत, हा क्रम बदललेला नाही. त्याचा दोष यंत्रावर ढकलता येणार नाही.

यांत्रिकीकरणाविषयी आपली भूमिका

इथे कोणी विचारील की ज्या चळवळीने संगणकाला विरोध केला, तिने माणसाचे काम यंत्राकडे देणाऱ्या या प्रोग्रामचे कौतुक का करावे? प्रश्न रास्त आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याला इलाको हाउसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. तो विरोध अडाणीपणाचा होता असे मी मानत नाही. नोकरभरती थांबेल ही भीती खरी होती. पुढे बँक कर्मचारी संघटनांनी १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये बँक व्यवस्थापनांशी करार केले. कोणत्या कामासाठी यंत्र, किती यंत्रे, कर्मचाऱ्यांचे काय, हे वाटाघाटीच्या टेबलावर आले. सरसकट नकार नाही, मुकाट होकारही नाही. अटी घालून मान्यता. ही आपल्या चळवळीची कमाई आहे.

मेलरकडे त्याच नजरेने पाहा. त्याने कोणाचे काम घेतले? रात्री दीड वाजता उठून फोन लावण्याचे. ते काम कोणाला पगार देऊन दिलेले नव्हते; बोर्ड चालवणाऱ्याच्या झोपेतून ते जात होते. यंत्र आले आणि माणूस झोपला. वेळ माणसाने ठरवली, खर्चाची मर्यादा माणसाने ठरवली, कोणते पत्र तातडीचे ते माणसाने ठरवले, आणि सकाळी हिशेब माणसाने तपासला. यंत्र या चौकटीत राबले.

आता शेजारच्या गुरुग्रामकडे पाहा. तिथेही यंत्रच फोन लावते. पण ते कामगाराला लावते. मोबाइलवर घंटी वाजते, काही सेकंदांत ऑर्डर घ्यायची की नाही ते सांगायचे. वेळ कंपनीची, दर कंपनीचा, नकार दिला तर गुण कमी करणारे कोष्टकही कंपनीचे. ते कोष्टक कामगाराला दाखवलेही जात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये घरपोच सौंदर्यसेवा देणाऱ्या महिलांनी गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर धरणे धरले, ते कमिशन, मिळकत आणि गुणांची पद्धत यांच्याविरुद्ध. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला. शब्द आल्याने त्यांच्या फोनची घंटी कोण वाजवतो हे बदलत नाही.

दोन्हीकडे स्वयंचलित फोन आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी वेळापत्रकाची फाइल राबणाऱ्याच्या हातात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मालकाच्या. यांत्रिकीकरणाचा कोणताही प्रस्ताव पुढे आला की मागणीपत्रात पहिला प्रश्न हाच लिहा: वेळापत्रक कोण लिहिणार, आणि ते आम्हाला वाचायला मिळणार का?

आपल्या घरात काय चालले आहे

दुसऱ्यांना प्रश्न विचारताना आपल्या कार्यालयाकडेही पाहू. आज बहुतेक युनियनांचा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. ते सोपे आहे, मराठीत लिहिता येते, फोटो जातो. मी ते बंद करा म्हणत नाही. पण मघाचे सहा मुद्दे लावून पाहा.

वेळ: निरोप चोवीस तास येतात. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला रात्री अकरा वाजता पदाधिकारी लिहितात आणि साडेअकराला उत्तर का नाही असे विचारतात. आपणच कामाच्या तासांसाठी लढतो! कामाच्या वेळेबाहेर फोन न घेण्याच्या हक्काचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही. आपल्या कार्यालयात ते लागू करायला मात्र संसदेची गरज नाही.

खर्च: रिचार्ज कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून करतो. संघटनेच्या जमाखर्चात तो कुठेच दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही.

दर्जा: सुप्रभातचे फूल, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि टाळेबंदीची नोटीस एकाच रांगेत येतात. तातडीचे कोणते ते कळत नाही.

गठ्ठा आणि नोंद: सहा महिन्यांपूर्वीचे परिपत्रक शोधायचे तर फोन चाळत बसावे लागते. ज्याचा फोन हरवला त्याच्याबरोबर शाखेचा इतिहास गेला.

यादी: हे सर्वांत गंभीर आहे. आपल्या सभासदांचे नंबर कोणाकडे आहेत? गटाचा चालक असलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये, आणि २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतलेल्या एका परदेशी कंपनीच्या यंत्रात. गटाचा चालक रागावून गेला तर शाखेची यादी त्याच्याबरोबर जाते.

आणि पुन्हा प्रयत्न? २९ जानेवारी २०२१ च्या रात्री केंद्र सरकारच्या आदेशाने सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या दिल्लीच्या सीमांवर इंटरनेट बंद झाले. तिथे शेतकरी बसले होते, आणि त्यांना पाठिंबा द्यायला गेलेले कामगारही होते. आदेश इंटरनेटपुरता होता. जुन्या मेलरला फक्त साधी फोन लाइन लागत असे. त्याचे टपाल अशा आदेशाने अडले नसते. आपल्याकडे मात्र त्या दिवशी दुसरी वाट तयार होती का, याचे उत्तर प्रत्येक शाखेने स्वतःला द्यावे.

सूचना

म्हणून पुढील सूचना मी कार्यकारिणीपुढे विचारार्थ ठेवतो.

एक, मध्यवर्ती परिपत्रके दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, क्रमांक घालून पाठवावीत. तातडीच्या निरोपासाठी वेगळी खूण असावी आणि ती वापरण्याचा अधिकार मोजक्या पदाधिकाऱ्यांना असावा.

दोन, प्रत्येक परिपत्रकाची पोच शाखेने द्यावी. पोच आली नाही तर माणसाने फोन करावा. किती वेळा प्रयत्न करायचा ते ठरलेले असावे.

तीन, सभासदांची यादी शाखेच्या कार्यालयात, शाखेच्या मालकीची असावी. दर महिन्याला दुरुस्त व्हावी. एक प्रत कागदावर, एक प्रत दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे. नवा नंबर लावून पाहिल्याशिवाय यादीत घालू नये. आणि ही यादी गुप्त राखण्याची जबाबदारी लेखी ठरावी, कारण चुकीच्या हाती पडली तर ती कामावरून काढायच्या माणसांची यादी होते.

चार, इंटरनेट बंद पडले तर कोणी कोणाला साधा फोन करायचा, याची साखळी आधीच लिहून ठेवावी. दिल्लीने पाच जणांना, त्या पाचांनी पुढे पाच-पाच जणांना. फिडोनेटचे टपाल असेच वाटले जाई.

पाच, कार्यालयीन कर्मचाऱ्यांना रात्री आठनंतर निरोप पाठवू नयेत. पाठवायचाच असेल तर तो सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवावी. ती सोय आता जवळपास प्रत्येक मेल प्रोग्राममध्ये आहे.

सहा, मध्यवर्ती परिपत्रकाचा मराठी मजकूर इंग्रजीबरोबरच त्याच दिवशी निघावा. त्यासाठी लागणारा माणूस नेमावा आणि त्याला पगार द्यावा.

यांतली एकही सूचना फार पैसे मागत नाही. शिस्त मागते.

फिडोनेटचा आशिया विभाग २००७ मध्ये बंद झाला. उरलेसुरले बोर्ड दुसऱ्या विभागाला जोडले गेले. तारसेवाही जुलै २०१३ मध्ये संपली. साधने येतात आणि जातात, त्याबद्दल हळहळत बसण्याचे कारण नाही. परंतु ज्या मंडळींनी पदरचे फोनबिल भरून, कोणाची परवानगी न मागता, जगभर टपाल फिरवले, त्यांनी एक गोष्ट करून दाखवली: सामान्य माणसे आपले संवादाचे जाळे स्वतः उभारू शकतात, त्याचे नियम स्वतः लिहू शकतात, आणि यंत्राला त्या नियमांत राबवू शकतात. कामगार संघटना म्हणजे तरी दुसरे काय आहे?

सूचनांवर चर्चा व्हावी, त्यांत दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पुढच्या बैठकीच्या आत प्रत्येक शाखेने आपली यादी तपासून तिची एक प्रत कार्यालयात ठेवावी, एवढी विनंती करून मी थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!